दगड, लाकूड आणि करारनामा

मिलानहून व्हेनिसकडे जाणाऱ्या रेल्वेमार्गावर व्हेरोना, व्हिचेन्झा आणि पादोव्हा ही तीन शहरं ओळीनं लागतात. व्हेनिसच्या ओढीनं निघालेले बहुतेक प्रवासी ती गाडीच्या खिडकीतूनच बघतात. नाटकाचं वेड असलेल्या माणसानं मात्र इथे उतरायलाच हवं. रोमनांनी दगडात बांधलेलं नाट्यगृह, ते ओस पडल्यावर चर्चच्या सावलीत परतलेलं नाटक, विद्वानांनी ग्रंथ वाचून उभारलेला रंगमंच आणि पोटासाठी गावोगाव फिरणारी नटमंडळी, असा दीड हजार वर्षांचा इतिहास शंभर किलोमीटरच्याही आत पायी हिंडून बघता येतो.

व्हेरोनात सगळी गर्दी असते ती अरेनाकडे. पण ते कुस्ती-झुंजींचं मैदान, नाटकाचं नव्हे. रोमन नाट्यगृह नदीपलीकडे आहे. पोन्ते पिएत्रा या जुन्या पुलावरून आदिजे नदी ओलांडली, की समोरच्या टेकडीच्या कुशीत दगडी पायऱ्यांचा अर्धगोल दिसतो. इसवी सनापूर्वीच्या पहिल्या शतकाच्या अखेरीचं हे बांधकाम. वरच्या पायऱ्यांवर बसलं की खाली रंगमंचाची जागा, तिच्या मागे नदी आणि नदीपलीकडे शहराची कौलारू छपरं दिसतात.

टेकडीचा उतार प्रेक्षकांसाठी वापरायची युक्ती मूळची ग्रीकांची. अथेन्समध्ये अक्रोपोलिसच्या उतारावर डायोनिससच्या उत्सवात नाटकं होत. खाली मोकळ्या जागेत कोरस नाचत-गात असे आणि मुखवटे घातलेले दोन-तीन नट सगळ्या भूमिका वठवत. रोमनांनी ती मोकळी जागा अर्धी केली, तिथे मानकऱ्यांना बसवलं आणि रंगमंचाच्या मागे खांबांची, कोनाड्यांची, पुतळ्यांची उंच भिंत उभी केली. कोरसचं महत्त्व ओसरलं, इमारतीचं वाढलं. तरी खुद्द रोम शहरात पहिलं कायमचं दगडी नाट्यगृह उभं राहायला इसवी सनापूर्वी ५५ साल उजाडलं; ते पाँपेनं बांधलं. प्लाउटस आणि टेरेन्स यांच्या गाजलेल्या सुखांतिका त्याच्या शतकभर आधीच, तात्पुरत्या लाकडी मंचांवर होऊन गेल्या होत्या. नाटक आधी येतं आणि त्याचं घर मागाहून, हे इथूनच लक्षात ठेवावं.

व्हेरोनाच्या या पायऱ्यांवर एका बाजूला चक्क एक चर्च उभं आहे. सांती सिरो ए लिबेरा हे त्याचं नाव, दहाव्या शतकातलं. नाट्यगृहाच्या आसनांवर पाय रोवून उभं असलेलं ते छोटं मंदिर मी बराच वेळ बघत राहिलो. तेर्तुलिअनसारख्या आद्य ख्रिस्ती लेखकांनी नाटक-तमाशांना पाप ठरवलं होतं. पुढे साम्राज्य ढासळलं, खर्च करणारे हात उरले नाहीत आणि नाट्यगृहांचे दगड लोकांनी घरांसाठी वाहून नेले. इथे तर पायऱ्यांवर अख्खी वस्तीच वसली. एकोणिसाव्या शतकात आंद्रेआ मोंगा नावाच्या एका धनिक व्यापाऱ्यानं ती घरं विकत घेऊन पाडली, तेव्हा नाट्यगृह पुन्हा उजेडात आलं. १९४८पासून उन्हाळ्यात इथे शेक्सपिअरचे प्रयोग होतात.

सोळाव्या शतकात मात्र घरांच्या आणि मातीच्या आडून डोकावणारे थोडे अवशेषच काय ते दिसत. त्यांची मापं घेऊन मूळ इमारत कशी असेल याची चित्रं एका वास्तुकारानं काढली. त्याच्या गावाला जायला गाडीनं तासभरही लागत नाही.

व्हिचेन्झा हे आंद्रेआ पॅलाडिओचं गाव. जन्म १५०८चा, पादोव्हाचा. हातात छिन्नी-हातोडा घेऊन पाथरवट म्हणून त्यानं सुरुवात केली. त्रिस्सिनो नावाच्या कवी-पंडितानं त्याच्यातले गुण हेरले, त्याला रोम दाखवलं आणि ‘पॅलाडिओ’ हे नावही दिलं. विट्रुव्हिअस या रोमन वास्तुकाराचा ग्रंथ तेव्हा विद्वानांच्या हाती नव्यानं आला होता आणि त्यात नाट्यगृह कसं बांधावं याचं सविस्तर वर्णन होतं. दानिएले बार्बारोनं १५५६मध्ये त्या ग्रंथाची सटीक आवृत्ती काढली, तिच्यासाठी पॅलाडिओनं आकृत्या काढल्या. त्याच्या आदल्याच वर्षी, १५५५मध्ये, व्हिचेन्झात ‘अकादेमिया ऑलिम्पिका’ स्थापन झाली होती. सरदार, पंडित, गणिती यांच्या त्या मंडळात पाथरवटाच्या हातानं घडलेला पॅलाडिओही संस्थापक सभासद होता.

अकादमीची नाटकं सुरुवातीला सभागृहात तात्पुरता मंच उभारून होत. १५८०मध्ये तिला जुन्या किल्ल्यातली जागा मिळाली आणि पॅलाडिओनं ‘तेआत्रो ऑलिम्पिको’चा आराखडा केला. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये तो वारला. काम पुढे त्याचा मुलगा सिल्ला आणि नंतर व्हिन्चेन्झो स्कामोत्सी यांनी तडीस नेलं.

बाहेरून या नाट्यगृहाचा काहीच अंदाज येत नाही. किल्ल्याच्या आवारातून, झाडांत मांडलेल्या जुन्या शिल्पांमधून वाट काढत आत जायचं, दोन दालनं ओलांडायची, आणि एकदम लाकडी पायऱ्यांच्या त्या प्रेक्षागारात आपण उभे असतो. जागा अरुंद म्हणून पॅलाडिओनं अर्धवर्तुळाऐवजी अर्ध-लंबगोल आकार घेतला. वर छताला आभाळ रंगवलेलं. समोर रंगमंचाची भव्य भिंत: खांब, कोनाडे आणि रोमन पेहरावातले पुतळे. जवळ जाऊन बघितलं तर त्यांचे चेहरे देवांचे नाहीत, खुद्द अकादमीच्या सभासदांचे आहेत. सगळं संगमरवरी वाटतं आणि संगमरवर जवळपास कुठेच नाही. लाकूड, विटा आणि चुन्याचा गिलावा. रोमचं वैभव या माणसांनी आपल्या ऐपतीत बसेल अशा साहित्यानं उभं केलं. पायरीवर बसून बघताना मला त्यात दिखाऊपणा वाटला नाही. हजार वर्षांपूर्वी तुटलेला धागा हाताशी असेल त्यानं जोडण्याची तळमळ दिसली.

भिंतीतल्या पाच दारांतून सात रस्ते मागे जातात. हे स्कामोत्सीचं काम. दुतर्फा प्रासाद असलेले ते लांबलचक रस्ते प्रत्यक्षात थोडक्या अंतरात आटोपतात. जमीन मागे चढत जाते, घरांची उंची उतरत जाते, आणि डोळ्याला सबंध शहर दिसतं. मात्र नटानं रस्त्यात खोल शिरायचं नाही. चार पावलं मागे गेला की त्याचं डोकं दुसऱ्या मजल्याच्या खिडकीला लागलेलं दिसायचं.

हे शहर म्हणजे थीब्ज. ३ मार्च १५८५ रोजी इथला पहिला प्रयोग झाला तो सोफोक्लिसच्या ‘ईडिपस’चा. पु. ल. देशपांडे यांच्या ‘राजा ओयदिपौस’मुळे ही शोकांतिका मराठी वाचकाच्या ओळखीची आहे. सुमारे दोन हजार वर्षांनी ती युरोपात इतक्या इतमामानं उभी राहत होती. इटालियन भाषांतर ओर्सात्तो जुस्तिनिआनीचं, कोरसचं संगीत व्हेनिसच्या आंद्रेआ गाब्रिएलीचं, दिग्दर्शन आंजेलो इंजेन्येरी याचं. पडदा खाली पडताच सभागृहात सुगंध दरवळला आणि रणवाद्यं वाजली, असं प्रेक्षकांतल्या फिलिप्पो पिगाफेत्तानं पत्रात लिहून ठेवलं आहे. डोळे फोडून घेतलेल्या राजाची भूमिका केली लुइजी ग्रोतो या कवीनं. तो लहानपणापासून खरोखरच अंध होता. त्या संध्याकाळी त्याच्याकडे बघताना प्रेक्षकांचं काय झालं असेल, याची कल्पना त्या रिकाम्या मंचाकडे बघूनही अंगावर येते.

बाहेर पडताना दालनातल्या भिंतीवर वरच्या बाजूला एकरंगी चित्रांची पट्टी दिसते. त्यातल्या एका चित्रात जपानहून आलेले तरुण राजदूत याच नाट्यगृहात बसले आहेत. १५८५च्या उन्हाळ्यात अकादमीनं त्यांचा इथे सत्कार केला. ही मुलं युरोपला गेली ती गोव्यावरून, आणि परतीच्या वाटेवर १५८७मध्ये त्यांच्यातल्या हारा मार्तिन्होनं गोव्याच्या सेंट पॉल कॉलेजात लॅटिनमधून भाषण केलं. व्हिचेन्झाचा हा लाकडी रंगमंच डोळ्यांत साठवलेला माणूस मांडवीच्या काठी उतरला होता, हे कळल्यावर त्या चित्राखालून पाय निघेना.

एवढा थाट होऊनही ऑलिम्पिकोत पुढे नाटकं फारशी झाली नाहीत. थीब्जचे रस्ते बसवलेले ते बसवलेलेच. दुसऱ्या कथेला तिथे जागाच नव्हती. सभासद होते, रसिक होते, पण रोज संध्याकाळी नाटक केल्याशिवाय ज्याची चूल पेटत नाही असा नट नव्हता. त्याचा पत्ता पुढच्या मोठ्या स्थानकावर, पादोव्हात, लागतो.

पादोव्हातही सुरुवात रोमन अवशेषापासूनच होते. तिथल्या प्राचीन अरेनाच्या आवारात स्क्रोव्हेन्यी चॅपल आहे, जोत्तोच्या भित्तिचित्रांसाठी जगप्रसिद्ध. चित्रांना दमटपणा बाधू नये म्हणून आधी एका बंद खोलीत थांबवतात आणि मग मोजक्या वेळेपुरतं आत सोडतात. समोरच्या कमानीच्या डावीकडे देवदूत गॅब्रिएल, उजवीकडे मेरी. दोघंही पडदे सोडलेल्या, सज्जे असलेल्या छोट्या घरांत. रंगमंचावर नेपथ्य लावावं तसं ते दिसतं, आणि त्याला कारण असावं. १२७८च्या नगरनियमानुसार दर वर्षी मार्चमध्ये मेरी आणि देवदूत यांच्या वेषातल्या मुलांची मिरवणूक नगरभवनापासून या अरेनात येई आणि देवदूतानं मेरीला येशूच्या जन्माची वार्ता दिल्याचा प्रसंग इथे सादर होई. ज्या चर्चनं नाटकाला घराबाहेर काढलं, त्याच्याच पूजाविधीतून दहाव्या शतकात चार ओळींच्या संवादानं नाटक पुन्हा अंकुरलं होतं. त्या रोपट्याला पादोव्हानं चक्क जुन्या रोमन रिंगणात पाणी घातलं.

याच शहरात आल्बेर्तिनो मुस्सातोनं रोमन नाटककार सेनेकाच्या वळणावर ‘एचेरिनिस’ ही लॅटिन शोकांतिका लिहिली. विषय होता पादोव्हाला छळून गेलेला जुलमी एझ्झेलिनो. रोख होता तो व्हेरोनाचा महत्त्वाकांक्षी सत्ताधीश कान्ग्रान्दे याच्यावर. १३१५मध्ये शहरानं मुस्सातोला लॉरेलचा मुकुट घातला. पुढे कान्ग्रान्देनं पादोव्हा घेतलंच. नाटकानं शहर वाचलं नाही, पण शहराला आपलं भय मोठ्यानं बोलता आलं.

संत अँथनीच्या भव्य बॅसिलिकापासून जवळच एक कमानींचा सज्जा आहे, लोज्जा कोर्नारो. १५२४मध्ये फाल्कोनेत्तोनं तो आल्व्हीसे कोर्नारो या नाट्यप्रेमी धनिकासाठी बांधला. या अंगणात आंजेलो बेओल्को, म्हणजे सगळ्यांचा रुझान्ते, पादोव्हाच्या खेडुतांच्या बोलीत नाटकं करी. भूक, लढाईवरून पळून आलेला शिपाई, हातची गेलेली बायको हे त्याचे विषय. कमानी अभिजात आणि पुढ्यातली भाषा शेतातली.

रुझान्ते १५४२मध्ये वारला. तीन वर्षांनी, २५ फेब्रुवारी १५४५ रोजी, पादोव्हातच आठ माणसं एका नोटरीपुढे बसली आणि त्यांनी करार केला. गावोगाव नाटकं करायची. पुढारी मफ्फेओ, त्याचं सगळ्यांनी ऐकायचं. सामान वाहायला सामाईक पैशांतून घोडा घ्यायचा. कमाई तीन किल्ल्यांच्या पेटीत ठेवायची. कुणी आजारी पडला तर त्याचा खर्च त्याच पेटीतून करायचा. आपापसात पैसे लावून पत्ते कुटायचे नाहीत. धंदेवाईक नटांच्या मंडळीचा हा सर्वांत जुना ज्ञात करारनामा. पुढे ‘कोमेदिया देल्लार्ते’ म्हणून युरोपभर गाजलेल्या परंपरेची सुरुवात इथून मोजतात. कथेचा सांगाडा ठरलेला, संवाद तिथल्या तिथे रचायचे. आपल्या वगातला सोंगाड्या जसा समोरचा प्रेक्षक बघून बोलतो तसंच. १५६४मध्ये रोममधल्या अशाच एका करारात लुक्रेत्सिया या स्त्रीचं नाव येतं, आणि रंगमंचावर बाईनं पाऊल ठेवल्याची नोंद होते.

या तिन्ही गावांतून हिंडल्यावर माझं मत पक्कं झालं. नाटकाचा वारसा एका हातातून दुसऱ्या हातात सुखरूप कधीच आला नाही. इमारती पडल्या, ग्रंथ धूळ खात राहिले. दर वेळी कुणीतरी त्याची नव्यानं जुळवाजुळव केली: कुणी विट्रुव्हिअस वाचून, कुणी मुलांना देवदूताचा वेष चढवून, कुणी घोड्यासाठी वर्गणी काढून. पॅलाडिओनं नाटकाला देखणं घर दिलं, पण त्यात कायम राहायला येणारी माणसं त्या आठ जणांच्या वाटेनं यायची होती.

ती आलीही. १५६२मध्ये याच पादोव्हात जन्मलेली इझाबेल्ला आंद्रेइनी ‘जेलोसी’ मंडळीची आघाडीची नटी झाली, फ्रान्सच्या दरबारापर्यंत तिचं नाव गेलं. तिनं ‘मिर्तिल्ला’ हे नाटक लिहिलं, कविता छापल्या, आणि पाव्हियाच्या विद्वानांच्या अकादमीनं तिला सभासद करून घेतलं. फिरत्या मंडळीतल्या एका बाईला पंडितांनी आपल्या पंक्तीला बसवलं, तेव्हा युरोपात आधुनिक रंगभूमी खऱ्या अर्थानं सुरू झाली, असं मी मानतो.