लाटणें, वाडगा आणि चक

लांकूड कातण्याच्या नादास लागलेल्या मनुष्यास पहिले कांहीं दिवस चकाची आठवणही होत नाहीं. लेथच्या एका बाजूस फिरता कांटा, दुसऱ्या बाजूस टेलस्टॉकचा अणकुचीदार सुळा आणि दोहोंच्या मध्यें आडवें धरलेलें लांकूड, एवढ्या सामग्रीवर लाटणें होतें, रवीचा दांडा होतो, देव्हाऱ्याचे खांबही होतात. जुन्या पद्धतीचा कातारी तर लांकडासच दोरी गुंडाळून ती धनुकलीनें मागेंपुढें ओढीत असे. त्याचेंही लांकूड दोन टोकांच्या मध्येंच फिरत होतें, आणि त्यावर त्यानें काय काय नक्षी उठविली तें पाहिलें म्हणजे आपल्या विजेच्या मोटारीचा अभिमान बराचसा ओसरतो.

परंतु लाटणें झालें म्हणजे घरांतील माणसें वाडगा मागतात, आणि तेथें सारा प्रकार पालटतो. वाडग्याचें पोट पोखरावयाचें तर त्याच्या तोंडासमोर सुळा ठेवून कसें चालेल? लांकूड एकाच बाजूनें, पाठीकडून, घट्ट धरावें लागतें. लोखंडी तबकडीवर स्क्रूंनी आवळून तें धरतां येतें हें खरें, आणि ज्याच्या हातीं पैसे थोडे त्यानें तसेंच करावें असें आमचें मत आहे. पण स्क्रूंची भोकें बुडांत राहतात, आणि तीं टाळावयाचीं तर बूड जाड ठेवावें लागतें.

आमच्यापुढें हा प्रश्न निव्वळ हौसेचा नव्हता. २०२० च्या जून महिन्यांत आलेल्या निसर्ग चक्रीवादळानें श्रीवर्धनकडील आमच्या आजोळच्या परसांतला फणस मुळासकट पाडला. त्याच्या सावलींत आम्हा सात मावसभावंडांच्या मे महिन्याच्या सुट्या गेल्या होत्या. लांकूड बहुतेक विकलें गेलें, आणि सात ठोकळे तेवढे आमच्या स्वाधीन झाले, ते प्रत्येकास एकेक वाडगा करून देण्याच्या बोलीवर. ठोकळा फुटला तर त्याच्या जागीं दुसरा देणें कोणत्याही वखारीच्या हातीं नव्हतें. म्हणून चक घेण्यापूर्वीं आम्ही जितका विचार केला तितका मुलीच्या लग्नांत दागिन्यांचाही केला नसेल.

एका दुकानदारानें आम्हांस धातुकामाचा तीन जबड्यांचा चक दाखविला. वस्तु भक्कम, आणि त्याच्यापाशीं तयार होती. परंतु ते जबडे पोलाद धरण्यासाठीं घडविलेले असतात. त्यांची अरुंद टोकें लांकडांत रुततात, आणि बाहेर आलेले जबडे फिरतांना दिसत नाहींत, बोटांस मात्र सांपडतात. लांकडास हवा तो चार जबड्यांचा, एकाच किल्लीनें चारही जबडे सारखे सरकविणारा चक. न्यूझीलंडचा नोव्हा, कॅनडाचा वनवे, ऑस्ट्रेलियाचा विकमार्क अशीं यांतलीं नांवाजलेलीं घराणीं आहेत.

पण नांवाआधीं पाहावयाचे ते आटे. आमच्या लेथच्या स्पिंडलचा व्यास एक इंच असून त्यावर दर इंचास आठ आटे आहेत. लहान लेथांवर पाऊण इंचास सोळा आट्यांचेंही माप आढळतें, मोठ्या युरोपीय लेथांवर ३३ मिलिमीटर व्यासाचें. ज्या चकाचे आटे आपल्या स्पिंडलशीं जुळत नाहींत तो कितीही नामांकित असला तरी कागदावरचें वजन म्हणूनच उपयोगी. कांहीं चकांच्या पाठींत आट्यांचा तुकडा निराळा, बदलतां येण्याजोगा असतो. पुढेंमागें मोठा लेथ घेण्याचें स्वप्न ज्यास पडतें त्यानें असाच घ्यावा. वजनही पाहावें, लहान लेथच्या नाजूक बेअरिंगांवर भला थोरला चक लटकाविण्यांत शहाणपण नाहीं.

आतां खरी गोम. चक जी वस्तु धरतो ती वाडगा नव्हे. वाडग्याच्या बुडाशीं आपण स्वतः कातलेला आंखूड गोल खुंट, सुतार ज्यास कुसूं म्हणतात तसा. जबड्यांची आंतली बाजू एकाच व्यासास अगदीं वर्तुळाकार होते. आमच्या चकांत तो व्यास सुमारें ५० मिलिमीटर. कुसूं त्याच्या जवळपासचें असेल तर चारही जबडे पूर्ण अंगानें टेकतात. तें फार मोठें केलें तर नुसते आठ कोपरे लांकडांत घुसतात. कुसवाचें टोक जबड्यांच्या तळास टेकतां कामा नये. वाडग्याचा खांदा जबड्यांच्या माथ्यावर बसला पाहिजे. त्याचा व्यास वाडग्याच्या तृतीयांशाहून कमी नसावा. पांच इंचांच्या वाडग्यास दोन इंचांचें कुसूं, म्हणजे आमचें गणित नेमकें जुळलें, आणि चकाचा आकार त्यानेंच ठरविला.

कुसवाऐवजीं बुडांत खळगा करून जबडे आंतून ताणूनही वाडगा धरतां येतो. त्यानें अर्ध्या इंचाची उंची वांचते, आणि सात ठोकळ्यांच्या धन्यास तेवढा लोभ सुटणारच. पण आंतून ताणलेलें लांकूड रेषेवर फाटतें, विशेषतः खळग्याभोंवतीं जागा कमी ठेवली तर. आम्ही अर्धा इंच सोडला. आमच्या थोरल्या मावसबहिणीस हा हिशेब सांगितला तेव्हां ती म्हणाली, "अरे, वाडगा बुटका झाला तर आमटी कमी वाढीन, पण तो धड येऊं दे."

फणसास हात लावण्यापूर्वीं आंब्याच्या तुकड्यांवर कुसवें पाडण्याचा सराव केला, आणि लेथ चालू करण्याआधीं किल्ली चकांतून काढून खुंटीस टांगण्याची संवय हातास लाविली. विसरलेली किल्ली बंदुकीच्या गोळीप्रमाणें सुटते. सातांपैकीं तीन वाडगे पुरे झाले आहेत. फणसाचा पिवळा रंग उजेडानें हळूहळू तांबूस होऊं लागला आहे. चौथ्या ठोकळ्यांत मात्र एक गांठ निघाली आहे. ती कुसवांत आली तर पकड कच्ची, कांठांत आली तर फाटण्याचें भय. आणि तो ठोकळा सध्यां आमच्या मेजावर उलटसुलट होत पडला आहे.