बेंचवर कोण बसलंय?

आयटीत काम करणाऱ्यांना 'बेंच' म्हणजे काय हे वेगळं सांगायला नको. प्रोजेक्ट संपला की माणूस बेंचवर. रोज मेल चेक करायचा, कॅन्टीनमध्ये दोन चहा जास्त प्यायचे आणि घरी 'काम खूप आहे' असं सांगायचं. हॉकीत मात्र बेंचचा फंडा एकदम उलटा आहे. पंधरा-पंधरा मिनिटांचे चार क्वार्टर आणि खेळाडू कितीही वेळा बदलायची मुभा. फॉरवर्ड पोरी काही मिनिटं जीव तोडून धावतात, बाहेर येतात, पाणी पितात, परत आत. त्यामुळे बेंचवरचीही अर्धी मॅच खेळतेच. म्हणून एखादी टीम नव्याने उभी राहतेय की नुसती रंगरंगोटी चाललीय, हे बघायचं असेल तर पहिल्या अकराजणी सोडा. बारावी ते अठरावी कोण आहे ते बघा. आणि त्यांच्याही मागे कोण उभं आहे, ते बघा.

हा अभ्यास मी हौसेने केलेला नाही. मला तो मामाने लावलाय.

माझं आजोळ मुरुड. जंजिऱ्याचं, समुद्रवालं नव्हे. लातूर-बार्शी रस्त्यावरचं मुरुड. (पुण्यात ऑफिसमधल्या मैत्रिणी अजूनही 'वॉव, बीच!' म्हणतात. आमच्याकडे उन्हाळ्यात प्यायच्या पाण्याची मारामार असते.) मामाची धाकटी सातवीत आहे. खो-खोत वाऱ्यासारखी पळते. आमच्या भागात खो-खो म्हणजे घरचाच खेळ. शेजारच्या उस्मानाबादच्या, म्हणजे आताच्या धाराशिवच्या, सारिका काळेला २०२० साली अर्जुन पुरस्कार मिळाला, तेव्हा मुरुडातही पेढे वाटले गेले. पण शाळेतल्या सरांनी हिच्या हातात हॉकी स्टिक दिली आणि पोरगी बिघडली. आता तिला पुण्याच्या क्रीडा प्रबोधिनीत जायचंय. इकडे मामाच्या डोक्यात लातूर पॅटर्न. आठवीपासूनच फाउंडेशनचा क्लास, मग अकरावी-बारावी लातुरात, मग नीट. मामाने फोन केला : "तू पेपरात लिहितीस की. मग खरं सांग. त्या टीममदी हिच्यासाठी जागा हाय का? नसंल तर क्लासची फी भरून टाकतो."

बरोबर प्रश्न आहे. कुठलीही कंपनी जॉइन करण्याआधी आपण हेच विचारतो ना?

तर आधी कंपनीची हालत. टोकियोत, २०२१ मध्ये, आपल्या मुलींनी ऑस्ट्रेलियाला १-० हरवलं आणि चौथ्या आल्या. ब्राँझची मॅच ब्रिटनकडून ३-४ अशी गेली, तरी अख्खा देश रडला आणि खूशही झाला. त्यानंतर घसरगुंडी. जानेवारी २०२४ मध्ये रांचीत, घरच्या मैदानावर, जपानकडून ०-१ हरलो आणि पॅरिस ऑलिम्पिक हुकलं. कोच यानेक शॉपमन गेल्या, हरेंद्र सिंग आले. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये राजगीरला चीनला हरवून आशियाई चॅम्पियन्स ट्रॉफी जिंकली तेव्हा वाटलं, झालं, गाडी रुळावर आली. पण २०२४-२५ च्या प्रो लीगमध्ये नऊ टीम्समध्ये नववा नंबर आला आणि लीगमधूनच खाली घसरलो. डिसेंबर २०२५ मध्ये हरेंद्र यांनी राजीनामा दिला आणि २०२६ च्या जानेवारीत टोकियोवालेच शोर्ड मरिन परत आले. पाच वर्षांत एवढे बॉस बदलले तर आपण कधीच सीव्ही अपडेट केला असता!

दरम्यान सीनियर मंडळीही गेली. राणी रामपाल २०२४ च्या ऑक्टोबरमध्ये निवृत्त झाली. तीनशे वीस मॅच आणि १५८ गोल करून वंदना कटारिया एप्रिल २०२५ मध्ये. अशी माणसं गेली की नुसती खुर्ची रिकामी होत नाही. बॉल कुणाकडे द्यायचा हे न बघता कळण्याची सवयही त्यांच्याबरोबर जाते.

आता टीम लाइनीलाइनीने बघू. सप्टेंबर २०२५ मध्ये हांगझोला झालेला आशिया कप हा सगळ्यात चांगला एक्स-रे. अनुभवी गोलकीपर सविता आणि ड्रॅगफ्लिकर दीपिका, दोघीही दुखापतीमुळे बाहेर. म्हणजे दुसऱ्या फळीची सरळ परीक्षाच.

गोलमध्ये बिचू देवी आणि बन्सरी सोळंकी. इथे फारसं टेन्शन नाही. मिडफिल्ड ही या टीमची खरी कमाई : कॅप्टन सलिमा टेटे, नेहा, लालरेमसियामी, २००७ साली जन्मलेली सुनेलिता टोप्पो, आणि आपली वैष्णवी फाळके. धावायला दम आहे, बॉल पुढे जातो. डिफेन्समध्ये उदिता, इशिका चौधरी, निक्की प्रधान. बऱ्या आहेत, पण दमल्यावर जागा सुटतात. आणि खरं भोक पेनल्टी कॉर्नरवर. २०२४ च्या चॅम्पियन्स ट्रॉफीत एकट्या दीपिकाने ११ गोल केले होते. ती नाही म्हटल्यावर कॉर्नर मिळूनही काय करायचं, हा प्रश्न पडायला लागला.

फायनलमध्ये हे सगळं एका तासात दिसलं. नवनीत कौरने पहिल्याच मिनिटाला गोल केला. हाफटाइमला १-१. आणि शेवटी १-४. उत्तरार्धात चीनने तीन गोल मारले. जिंकलो असतो तर २०२६ च्या वर्ल्ड कपचं तिकीट थेट हातात होतं. मी ती मॅच पुन्हा पाहिली. पहिल्या हाफमध्ये आपण कुठेही कमी नव्हतो. पण तिसऱ्या-चौथ्या क्वार्टरमध्ये त्यांची बदली खेळाडू तितक्याच वेगाने येते आणि आपली जरा हळू. तो 'जरा' म्हणजेच दुसरी फळी.

मग मागे कोण उभं आहे? ज्युनियर वर्ल्ड कपचे निकाल बघा. २०२२ मध्ये चौथा, २०२३ मध्ये नववा, २०२५ मध्ये २४ टीम्समध्ये दहावा. मधे २०२३ आणि २०२४ चे ज्युनियर आशिया कप आपण जिंकले, म्हणजे आशियात दादा, बाहेर गेलं की मधल्या बाकावर. २०२२ ची बॅच मात्र सोन्यासारखी निघाली. सलिमा, दीपिका, इशिका, मुमताझ, लालरेमसियामी, बिचू या सगळ्या तिथल्याच. आजची सीनियर टीम म्हणजे जवळपास त्या बॅचचं रियुनियन. त्यांच्यानंतरच्या दोन बॅच तेवढ्या भरघोस वाटत नाहीत. हे कोचला टेन्शन देणारं आहे. पण सातवीतल्या पोरीसाठी? तिच्यासाठी ही व्हेकन्सी आहे!

आणि या पोरी येतात कुठून, ते तर भन्नाट आहे. झारखंडचं सिमडेगा, ओडिशाचं सुंदरगढ, हरियाणाचं शाहाबाद. मोठी शहरं औषधालाही नाहीत. महाराष्ट्राचं म्हणाल तर साताऱ्याचा फलटण भाग. वैष्णवी फाळके तिथली, अक्षता ढेकळे तिथली, दोघीही पुण्याच्या क्रीडा प्रबोधिनीत तयार झालेल्या. साताऱ्याचीच ऋतुजा पिसाळही या आशिया कपमध्ये खेळली. जानेवारी २०२५ मध्ये महिलांच्या पहिल्या हॉकी इंडिया लीगच्या फायनलमध्ये ओडिशा वॉरियर्सने सूरमा क्लबला २-१ हरवलं, ते दोन्ही गोल ऋतुजाचे!

फलटणच्या पाण्यात काही वेगळं नाही. एक पोरगी हॉस्टेलला जाते, टर्फवर खेळते आणि सुट्टीला इंडियाचा टी-शर्ट घालून घरी येते. मग शेजारच्या वाडीतल्या बापाला 'हे जमतं' असं दिसतं, आणि पुढच्या वर्षी तीन पोरी ट्रायलला जातात. सिमडेगात हेच झालं. मुरुडात अजून असा टी-शर्ट कुणी घालून आलेलं नाही. टर्फही नाही. शाळेच्या मुरमाड मैदानावर बॉल उसळतो आणि टर्फवर तो घसरत येतो. दोन खेळांत तेवढा फरक आहे. १९७६ ला माँट्रियलमध्ये ऑलिम्पिक हॉकी पहिल्यांदा कृत्रिम टर्फवर गेली, तेव्हा भारताचे पुरुषही सातव्या नंबरवर आपटले होते. म्हणजे तेराव्या वर्षी टर्फवर पोचणं आणि सतराव्या वर्षी पोचणं यात सगळं करिअर बसतं. हॉस्टेलचा मुद्दा म्हणून भावनेचा नाही, कॅलेंडरचा आहे.

मामाला मी एवढं सगळं सांगितलं. तो म्हणाला, "म्हंजे गॅरंटी नाही."

नाहीच. देशभरातून १८ जणींची टीम निवडतात. ऑलिम्पिकला तर मुख्य टीममध्ये १६ नावं. पण मी त्याला विचारलं, मामा, लातुरात दरवर्षी हजारो पोरं नीटला बसतात, मेडिकलच्या सीटची गॅरंटी त्यातल्या कुणाला लिहून मिळालीय? तिथे तू फी भरायला तयार आहेस, कारण शेजारचा डॉक्टर झालेला तू पाहिलायस. गुडघा दुखावला तर काय, सिलेक्शन नाही झालं तर काय, हे प्रश्न खरे आहेत. म्हणून दहावी-बारावी सोडायची नाही. राज्य सरकारी नोकऱ्यांत खेळाडूंना पाच टक्के आरक्षण आहे, त्यासाठीही ते कागद लागतातच. पण ड्रॅगफ्लिक शिकणारी, वाकून पळणारी, एका पावलात दिशा बदलणारी पोरगी या टीमला हवी आहे. आणि वाकून दिशा बदलणं हेच तर खो-खोने तिला शिकवलंय.

हिशेबही मी मांडून दिला. २०२८ चं लॉस एंजेलिस विसर. २०३२ ला ब्रिस्बेनमध्ये ती एकोणीस वर्षांची असेल. आशिया कप खेळताना सुनेलिता साधारण तेवढीच होती.

मामाने क्लासची फी अजून भरलेली नाही. प्रबोधिनीच्या निवड चाचणीत धावणं, उडी, मेडिसिन बॉल फेकणं असं बरंच काही असतं. सर रोज सकाळी तिला पळवतायत. मेडिसिन बॉल नाही म्हणून मामीने वजन करून एक पिशवी शिवून दिलीय. आत ज्वारी भरलीय.