समोरून वाजवलेली टाळी

आमची लेक जन्मली तेव्हा दादांनी तिच्या उजव्या कानात अजान दिली. ती डोळे मिटून शांत पडून होती. "किती शांत पोर आहे!" असं सगळे म्हणाले आणि पुढचे सात महिने आम्हीही कौतुकाने तेच सांगत राहिलो.

भोसरीत आमचं घर एका वर्कशॉपला लागून आहे. दिवसभर ग्राइंडर चालतो, टेम्पो हॉर्न वाजवत गल्लीत शिरतात. शेजारची मुलं दचकून उठायची, आमची झोळीत बिनघोर झोपायची. आमच्यापैकी एकजण चाकणला प्रेस शॉपमध्ये पाळीने कामाला जातो, दुसरी घरी ब्लाउज शिवते. हे आम्ही दोघांनी मिळून लिहिलंय, कारण चूकही दोघांची आहे.

तिला ऐकू येत नसेल, अशी शंकाही आली नाही. शिलाई मशीन सुरू झालं की ती मान वळवायची. रात्रपाळी करून अब्बा दारात आले की हसायची. दादीने टाळी वाजवून हाक मारली की हातपाय हलवायची. आणखी काय हवं?

एका रात्री वीज गेली. ती जागी होऊन रडायला लागली. आम्ही अंधारात मेणबत्ती शोधत दोन हातांवरून हाका मारत होतो, "आले गं, आले, इथंच आहे मी." मोठा मुलगा लहान असताना एवढ्या आवाजानेच गप्प व्हायचा. ही थांबेना. अंगावर हात ठेवला आणि त्या क्षणी रडणं थांबलं. त्या रात्री आम्हा दोघांना झोप लागली नाही.

दादी म्हणाल्या, "नजर लागली असेल. काही मुलं उशिराच बोलतात." आम्ही एका डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी तिच्यासमोर किल्ल्यांचा जुडगा वाजवला, तिने पाहिलं, "ठीक आहे," म्हणून त्यांनी घरी पाठवलं. मन मानेना. शेवटी पुण्यात तपासणी झाली. कानात बारीक नळी ठेवून आवाज सोडतात आणि आतल्या कानातून परत येणारा क्षीण प्रतिसाद यंत्र टिपतं. दुसरी बेराची तपासणी, झोपलेल्या बाळाच्या डोक्याला तारा लावून. निदान आलं: दोन्ही कानांत तीव्र दोष.

"मग ती मान कशी वळवायची?" आम्ही विचारलं. तपासणाऱ्या बाईंनी समजावलं आणि एकेक गोष्ट उलगडत गेली. मशीनने फरशी थरथरते, ते चटईवरच्या बाळाच्या पाठीला कळतं. दार उघडलं की उजेड येतो, अब्बांच्या कपड्यांना ऑइलचा वास असतो. दादीची टाळी तर समोरच. किल्ल्याही तिने पाहिल्या होत्या.

बाळ डोळे, कान, नाक, कातडी यांतून आलेल्या खबरा सुट्या ठेवत नाही, जोडत जातं. अमेरिकेतल्या एलिझाबेथ स्पेल्के यांनी 1976 मध्ये चार महिन्यांच्या बाळांना शेजारी शेजारी दोन चित्रफिती दाखवल्या. आवाज मात्र एकाच फितीचा, तोही दोन्हींच्या मधून येणारा. ज्या फितीचा आवाज होता, तिच्याकडेच बाळं जास्त वेळ पाहत राहिली. चार महिन्यांचं बाळही आवाज आणि दृश्य यांची जोडी लावतं. पण यातली एक वाट बंद असली, तर बाळ उरलेल्या वाटांवर भागवतं आणि घरच्यांना काही कमी आहे हेच दिसत नाही.

घरी येऊन जन्माची फाईल काढली. त्यात एक चिठ्ठी होती: महिन्याने कानाच्या तपासणीला या. तेव्हा सुट्टी घेतली असती तर पगार कापला गेला असता. आम्ही गेलो नाही. यावरून आम्ही एकमेकांना खूप बोललो. नंतर कळलं की भांडणातही दिवसच जातात.

कानाची मशीन बसली तेव्हा वाटलं, आता ती हाकेला वळेल. ती नुसती रडली. आवाज आत जात होता, पण तो कशाचा हे तिला माहीत नव्हतं. दिल्लीत प्रोजेक्ट प्रकाशमध्ये असंच काहीसं दिसलं होतं. जन्मापासून दिसत नसलेल्या, 8 ते 17 वयाच्या पाच मुलांवर शस्त्रक्रिया झाली. हाताने चाचपलेला ठोकळा नुसत्या डोळ्यांनी ओळखणं त्यांना लगेच जमलं नाही, पण काही दिवसांतच जमू लागलं. 2011 मध्ये हे प्रसिद्ध झालं. इंद्रिय उघडणं एक आणि जोडणी होणं दुसरं. ती जोडणी रोजच्या वापराने होते.

म्हणून आमचं घर आता शाळा झालंय. कुकरची शिट्टी झाली की कानाला बोट लावायचं, तिला उचलून कुकर दाखवायचा, "शिट्टी!" म्हणायचं. वाटी पाडायची, तिच्या हातात द्यायची, पुन्हा पाडायची. दोन महिन्यांनी एका सकाळी शिट्टी झाली आणि तिने स्वतःच स्वयंपाकघराकडे पाहिलं. अलहम्दुलिल्लाह, त्या दिवशी डाळ करपली, कुणी काही बोललं नाही.

आमच्यासारख्या घरांसाठी एवढंच. बाळाचे कान समोरून टाळी वाजवून तपासू नका. शंका आली तर थांबू नका. पहिल्या महिन्यात चाचणी, तिसऱ्यापर्यंत निदान, सहाव्यापर्यंत उपचार सुरू, असा तज्ज्ञांचा हिशेब आहे. 2013 पासून सुरू असलेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात जन्मजात बहिरेपणाचाही समावेश आहे. आपल्या राज्याचे राज्यपाल राहिलेले अली यावर जंग यांच्या नावाची राष्ट्रीय संस्था वांद्र्याला 1983 पासून याच कामात आहे. एक दिवसाचा पगार गेला तर जाऊ द्या.

परवा दादा मुद्दाम तिच्या पाठीमागे बसले आणि हळूच नाव घेतलं. तिसऱ्या हाकेला ती वळली. दादांनी चष्मा काढून पुसला.

रात्री मशीन काढून ठेवावी लागते. तेव्हा ती जागी झाली तर आम्ही हाक मारत बसत नाही. आधी तिच्या अंगावर हात ठेवतो.