दोष संचाचा कीं एरियलचा?

एखादें यंत्र नीट चालेनासें झालें म्हणजे आपण सर्वांत जवळची वस्तु दोषी ठरवितों. कारण तीच डोळ्यांसमोर असते. या चुकीबद्दल मला जो धडा मिळाला, तो विद्यार्थ्यांस व त्यांच्या पालकांस सांगावा असें पुष्कळ दिवस मनांत होतें.

सन २०२३ च्या उन्हाळ्याच्या सुटींत मी इंग्लंडांत लेस्टर शहरीं बहिणीकडे गेलों होतों. तिचें कुटुंब मागील हिंवाळ्यांतच एका जुन्या घरांत राहावयास आलें होतें. माडीवरील खोलींत तिच्या वृद्ध सासूबाई राहत. त्यांच्या दिवंगत यजमानांनीं घेतलेला दूरचित्रवाणीचा संच हाच त्यांचा दिवसभराचा सोबती. शुक्रवारचा बागकामाचा कार्यक्रम त्या सहसा चुकवीत नसत. परंतु या घरीं आल्यापासून निम्म्या वाहिन्या लागत नसत, आणि ज्या लागत त्यांचें चित्र पावसांत समोरचीं झाडें भिजलीं कीं चौकोनी तुकडे होऊन विरून जाई. "संच जुना झाला, आतां नवा घेऊं," असा घरच्यांचा निश्चय झाला होता. सासूबाई कांहीं बोलल्या नाहींत. पण पदरानें त्या संचाची कांच पुसतांना मीं त्यांस पाहिलें.

मी पडलों विज्ञानाचा शिक्षक! "मावशी, घटकाभरांत नीट करतों," असें म्हणून मीं रिमोट हातीं घेतला व सर्व वाहिन्यांची फेरजुळणी करण्याची आज्ञा संचास दिली. अशी आज्ञा मिळतांच पुष्कळ संच जुनी यादी पुसून टाकतात व मग नवी शोधूं लागतात, हें मीं ध्यानांत घेतलें नाहीं. बाहेर पावसाची झड लागली होती. शोध संपला तेव्हां पडद्यावर आंकडा आला तो शून्य! होत्या त्या वाहिन्याही मीं घालविल्या. मावशी एवढेंच म्हणाल्या, "असूं द्या, भाऊ. आज लवकर निजेन." त्या सौम्य शब्दांनीं मी अधिकच ओशाळलों.

दुसऱ्या दिवशीं शेजाऱ्यांची परवानगी घेऊन तो संच त्यांच्या घरीं नेला व त्यांच्या एरियलच्या तारेस जोडला. थोड्याच मिनिटांत सगळ्या वाहिन्या स्वच्छ दिसूं लागल्या. संच निर्दोष होता! मग तो परत आणून भिंतीपासून संचापर्यंतची तार बदलून पाहिली. एका वेळीं एकच गोष्ट बदलावयाची, हा प्रयोगशाळेंतील नियम आतां मीं कसोशीनें पाळला. लहरीची शक्ति व गुणवत्ता दाखविणारे दोन आंकडे संचावर पाहतां येतात. तार बदलूनही ते जागचे हलले नाहींत. तेव्हां दुर्बीण घेऊन अंगणांतूनच धुराड्यावरील एरियल न्याहाळली. तिचें तोंड ईशान्येस, वॉल्थम येथील प्रक्षेपकाकडेच होतें; काड्याही पाहिजेत तशा आडव्याच होत्या. मात्र दांडीच्या टोंकाचें बूच हिरवें होतें.

त्या बुचांतच सारें रहस्य होतें. ब्रिटनमध्यें दूरचित्रवाणीच्या लहरींचे आठ-आठ मेगॅहर्ट्झ रुंदीचे पट्टे पाडून त्यांस २१ पासून क्रमांक दिलेले आहेत. एरियली ठराविक गटांसाठीं बनवीत व बुचाच्या रंगावरून गट ओळखीत: तांबडें २१ ते ३७, पिवळें ३५ ते ५३, हिरवें ४८ ते ६८. पुढें मोबाइल फोनच्या सेवेसाठीं ४९ ते ६० हे क्रमांक २०२० पर्यंत मोकळे करण्यांत आले, आणि त्यांवरील प्रक्षेपण खालच्या क्रमांकांवर न्यावें लागलें. वॉल्थमच्या मुख्य वाहिन्या पूर्वीं ४८ च्या वर होत्या. त्या ३७ च्या खालीं आल्या. प्रक्षेपक तोच, दिशा तीच. पण जी भाषा ऐकण्यासाठीं ती जुनी एरियल घडविली होती, ती तेथून बोलली जात नव्हती!

शिवाय डिजिटल लहरींचा एक विशेष आहे. जुन्या पद्धतींत लहर क्षीण झाली कीं चित्रांत मुंग्या दिसत, तरी चित्र ओळखूं येई. डिजिटल पद्धतींत लहर पुरेशी असेल तोंवर चित्र निर्मळ, आणि मर्यादेखालीं गेली कीं एकाएकीं कांहींच नाहीं. म्हणून ज्याला थोडें कमी ऐकूं येतें तो ठार बहिरा भासतो.

कारागिरानें योग्य गटाची एरियल बसविली. दोन्ही आंकडे चढल्याचें पाहून मगच मीं फेरजुळणी केली. त्या शुक्रवारीं मावशींनीं गुलाबांची छाटणी डोळे भरून पाहिली.

परतीच्या प्रवासांत मात्र मला माझ्या आठवीच्या वर्गांतील एक मुलगा सारखा आठवूं लागला. खेड्यांतील मराठी शाळेंत त्याचे गुण उत्तम होते. आमच्याकडे विज्ञान इंग्रजींतून शिकवितात. सहामाहीनंतर मीं त्याच्या प्रगतिपुस्तकांत "आकलन मंद" असें लिहिलें होतें, व त्याच्या वडिलांनीं त्याखालीं निमूटपणें सही केली होती. नंतर मीं काय केलें? पुनःपुन्हा परीक्षा घेतल्या, रागें भरलों. पावसांत केलेली फेरजुळणीच ती! त्याला जें येत होतें तेंही त्या धास्तीनें पुसलें गेलें.

जूनमध्यें शाळा उघडतांच मीं त्याला जवळ बोलावून मराठींत विचारलें, "पावसाळ्यांत पापड लवकर कां वाळत नाहींत?" तो भीत भीत म्हणाला, "सर, हवेंत आधींच वाफ भरलेली असते. आणखी घ्यायला तिच्यांत जागा कमी असते." याहून चांगलें उत्तर वर्गांत क्वचितच मिळालें असेल. त्या वर्षीं रोज अर्धा तास बसून आम्हीं विज्ञानाच्या शब्दांची दोन्ही भाषांतील वही तयार केली. तो कांहीं पहिला आला नाहीं. पण हात वर करून प्रश्न विचारूं लागला. त्याच्या वडिलांस मीं पत्र लिहून कळविलें कीं, तो शेरा चुकीचा होता व चूक माझी होती.

पालकहो, मूल मागें पडलेलें दिसलें तर त्याच्या बुद्धीवर शिक्का मारण्यापूर्वीं एकदां धुराड्याकडे पाहा. आणि मुलांनो, तुमच्यावर असा शिक्का बसलाच, तर तो खरा मानण्याची घाई करूं नका. मावशींचा संच आजही त्याच खोलींत चालू आहे.