रोह्याची थंडी आणि उघडणारी शाळा

कुंडलिकेकाठच्या रोह्यात जानेवारी म्हणजे वालाच्या शेंगा आणि भांबुर्ड्याचा पाला घालून लावलेली पोपटी. इथल्या थंडीला एक शाल पुरते. २०२२ साली मात्र तसे झाले नाही. २३ जानेवारीला वायव्येकडून आलेल्या धुळीने मुंबई आणि उत्तर कोकणचे आकाश धूसर केले आणि भर दिवसा हुडहुडी भरली. दुसऱ्याच दिवसापासून शाळा उघडायला राज्य सरकारने मुभा दिली होती. निर्णय स्थानिक प्रशासनाकडे होता.

ओमिक्रॉनची लाट चालू होती. १५ ते १८ वर्षांच्या मुलांना ३ जानेवारीपासून लस मिळू लागली होती, धाकट्यांना नव्हती. पालक विचारत, "सर, पोर शिंकतंय, पाठवू का?" खोकला थंडीचा की कोरोनाचा, नुसता ऐकून कोण सांगणार? खिडक्या उघड्या ठेवल्या तर वारा बोचे, लावल्या तर हवा कोंडे. आम्ही म्हणायचो, "स्वेटर घालून पाठवा, खिडक्या उघड्याच राहतील. ताप असेल तर घरी ठेवा, डॉक्टरांना दाखवा. बुडालेला धडा आम्ही पुन्हा शिकवू."

आम्हाला खरी भीती होती ती लोक नावे ठेवतील म्हणून आजार लपवला जाण्याची. साथ गेली, तरी आजारी लेकराला निःसंकोच घरी ठेवण्याची ही सवय आपण टिकवायला हवी.