भूल दिलेली, तरी पाय बोलतोय!

मला हे आजवर कुणी सांगितलं कसं नाही? मणक्याचं ऑपरेशन चालू असताना, पेशंट गाढ भुलेत असताना, त्याच्या नसा शाबूत आहेत की नाहीत हे तिथल्या तिथे पडद्यावर दिसतं! न्यूरोमॉनिटरिंग म्हणतात त्याला. पुतणीच्या निमित्ताने ते कळलं आणि तेव्हापासून मी भेटेल त्याला धरून सांगत सुटलोय. (पोरगी ठणठणीत आहे, आधीच सांगून टाकतो.)

तिची पाठ वाकडी होती, स्कोलिओसिस. ऑपरेशन पुण्यात ठरलं. आमच्या संगमनेरकडे मणक्याचं ऑपरेशन म्हटलं की पहिलं वाक्य ठरलेलं : "कशाला हात लावता? पाय जातील पोरीचे." प्रत्येक गावात कुणाचा तरी साडू असतोच, जो दवाखान्यात चालत गेला आणि उचलून आणावा लागला. ही भीती अगदीच अडाणी नाही बरं का. वाकडा कणा सळ्या-स्क्रूंनी सरळ करताना मज्जारज्जू ताणला जाऊ शकतो, त्याचा रक्तपुरवठा तुटू शकतो.

पूर्वी सर्जन काय करायचे, माहितीय? ऑपरेशनच्या मध्येच पेशंटला जागं करायचे! पाठ उघडी, सळ्या बसवलेल्या, आणि भूल हलकी करून सांगायचे, "पाय हलव." हलला की पुन्हा झोपवायचे. फ्रान्समधल्या स्टान्यारा आणि सहकाऱ्यांनी 1973 मध्ये ही चाचणी मांडली. धाडस म्हणायचं! पण ती सांगणार त्या एका क्षणापुरतं. पुढच्या स्क्रूचं काय?

ऑपरेशनआधी पुतणीची तपासणी झाली तेव्हा मी शेजारीच उभा होतो. घोट्याच्या आतल्या बाजूला, नेमक्या नसेवर, इलेक्ट्रोड चिकटवले. हलका शॉक, आणि पायाचा अंगठा टुणकन उडाला! पोरगी खिदळतेय, अंगठा उडतोय. तो संदेश मज्जारज्जूतून चढून मेंदूपर्यंत पोचतो सुमारे 40 मिलिसेकंदांत. डोक्याला लावलेल्या तारा तो टिपतात, पण कसा? मेंदूचा स्वतःचाच गलबला एवढा, की हा मायक्रोव्होल्टभर संदेश त्यात बुडून जातो. मग शेकडो शॉक द्यायचे आणि सगळ्या नोंदींची सरासरी काढायची. गलबला कधी वर, कधी खाली, तो आपसात खोडला जातो. संदेश दर वेळी ठरल्या वेळी येतो, म्हणून तोच उरतो. वेड्यावाकड्या रेघेतून ती लाट वर येताना मी पाहिली. मी शाळेत सरासरी शिकवतो हो! पोरांना धावांचीच उदाहरणं देत आलोय.

ऑपरेशनमध्ये हेच पुन्हा पुन्हा. लाटेची उंची निम्म्यावर आली किंवा तिला दहा टक्के उशीर झाला, की इशारा. दहा टक्के म्हणजे जेमतेम 4 मिलिसेकंद! लगेच सर्जन ताण सैल करतात, भूलतज्ज्ञ रक्तदाब वाढवतात, आणि पुष्कळदा लाट परत येते.

ही झाली संवेदनेची वाट. हालचालीच्या वाटेसाठी उलटा प्रवास : डोक्यावर विजेचा झटका, पायाच्या स्नायूत उत्तर. डोक्यावरून झटका देऊन स्नायू हलवणं मर्टन आणि मॉर्टन यांनी 1980 मध्ये करून दाखवलं. ऑपरेशनमध्ये हे उत्तर मिळावं म्हणून स्नायू सैल करणारं औषध आवरावं लागतं, भुलेच्या गॅसऐवजी शिरेतून दुधासारखं पांढरं प्रोपोफॉल चालू ठेवतात. झटक्याने जबडा आवळतो, जीभ चावली जाऊ नये म्हणून दातांत गॉजच्या गुंडाळ्या!

प्रत्येक इजा पकडली जातेच असं नाही. तरी 1995 मध्ये न्यूअर यांनी 51,263 ऑपरेशनांचा सर्वेक्षण-अहवाल दिला : मॉनिटरिंगचं पथक अनुभवी, तिथे नसांच्या इजा कमी अनुभवी पथकांच्या निम्म्याहून कमी.

आमच्या आईचा प्रश्न मात्र सगळ्यांत भारी. "आणि यंत्रच बिघडलं तर?" तंत्रज्ञ खूश झाला. "आजी, म्हणून तर आम्ही हाताच्या नसाही लावून ठेवतो. ऑपरेशन पाठीत, हाताच्या नसा त्याच्या वरून जातात. हात-पाय दोन्हीकडची लाट पडली तर भूल, रक्तदाब नाहीतर तार तपासायची. हात चांगला आणि पायच गेला, तर सर्जनना थांबवायचं."