दाराखालचा ळ

सांगलीत मी फ्लेक्सचं डिझाइन करतो. गेल्या वर्षी एका गावच्या यात्रा कमिटीने कुस्त्यांच्या मैदानाचं काम दिलं. अट एकच: "जुन्या हँडबिलासारखं जाडजूड पाहिजे. लांबनं वाचता आलं पाहिजे."

सोपं वाटलं. इंग्रजीत असे विंटेज फॉन्ट ढिगाने मिळतात. अक्षराच्या टोकांना जाड, चौकोनी पाय. त्यांना स्लॅब सेरिफ म्हणतात. त्यातला लंडनचा प्रसिद्ध क्लॅरेंडन १८४५ चा. त्याआधी, १८२७ मध्ये, न्यूयॉर्कच्या डेरियस वेल्सने यंत्रावर लाकडी खिळे कापायला घेतले होते. मोठ्या अक्षरांना शिसं जड आणि महाग पडायचं. लाकडामुळे पोस्टरं भिंतीवरून ओरडायला लागली.

मी वर तसं इंग्रजी टाकलं, खाली मराठी नुसतं बोल्ड केलं. जुळेना. आपल्या अक्षरांना पाय नसतात, ती शिरोरेखेला टांगलेली असतात. वजन खाली नाही, वर लागतं. 'मोदक'सारखे जाड मराठी फॉन्ट फुकट मिळतात, पण ते नावासारखेच गोलमटोल. मला पैलवान हवा होता.

तेव्हा आजोबा आठवले. साताऱ्यातल्या एका छोट्या प्रेसमध्ये ते कंपोझिटर होते. तमाशा, जत्रा, कुस्त्या, सगळ्यांची हँडबिलं ते उलटी अक्षरं वाचत जुळवायचे. प्रेस बंद पडली तेव्हा लाकडी खिळ्यांची एक पेटी त्यांनी घरी आणली. ते गेल्यावर ती माळ्यावर पडून होती. माझ्या बारावीच्या सुट्टीत घराला रंग काढला, तेव्हा "आता कोण वापरणार हे?" म्हणत मीच ती बंबाशेजारी रिकामी केली. आठवडाभर त्यावर आंघोळीचं पाणी तापलं.

रविवारी एसटीने सातारा गाठलं. आजीला विचारलं, "एखादा खिळा राहिलाय का गं?"

"एक आहे की." तिने स्वयंपाकघराच्या दाराखालची पाचर ओढून काढली. ळ होता. एक कड झिजलेली, घडीत अजून शाई.

त्या एका ळ वरून मी शिरोरेखेची जाडी मोजली आणि 'कुस्त्यांचे जंगी मैदान' हाताने काढलं. तरी काहीतरी खोटं वाटत होतं. मग लक्षात आलं, खिळ्याला खिळा लावला की शिरोरेखेत केसाएवढी फट राहायची. मी प्रत्येक जोडावर तशी फट ठेवली.

कमिटीतल्या एकाने फोनवर झूम करून विचारलं, "रेघ तुटलीय की हो?" शेजारचे म्हातारे म्हणाले, "असू दे. असंच असायचं."

ळ आता माझ्या टेबलावर आहे. आजीचा दर आठवड्याला फोन येतो, "दार आपटतंय. कधी आणून देतोस?"